कपाटातलं बूच

आमच्या कचेरीत वस्तू वापरण्यासाठी येत नाहीत, सांभाळण्यासाठी येतात. पंखे आले तेव्हा ते अख्खा उन्हाळा खोक्यात होते. झेरॉक्सच्या यंत्रावर जे प्लास्टिक आलं होतं ते फाटून चिंध्या होईपर्यंत कुणी काढू दिलं नाही. पाण्याचा फिल्टर आला, त्याला कुलूप असलेली जाळी बसवली, आणि जाळीची किल्ली ज्याच्याकडं होती तो रजेवर गेला की आम्ही समोरच्या टपरीवर पाणी प्यायला जायचो. मी या सगळ्यावर आयुष्यभर चिडत आलो. आणि सांगायला लाज वाटते, पण या सगळ्या किल्ल्या माझ्याच कमरेला असायच्या. मी तिथला अव्वल कारकून. पुढं मी बऱ्याच लोकांना नावं ठेवणार आहे, म्हणून हे आधीच सांगून टाकलेलं बरं.

तालुक्याचं नाव लिहीत नाही. परभणी जिल्ह्यातला, गंगेच्या काठचा, एवढं पुरे. गोदावरीला आमच्याकडं गंगाच म्हणतात. गोदावरी फक्त कागदावर असते. मी स्वतः चारठाण्याचा, जिंतूरकडचा. आमच्या गावाला जुनी देवळं आहेत, बारव आहे, पण नदी म्हणावी असं काही नाही, आणि पोहणं मला कधी आलं नाही. अशा माणसाच्या टेबलाला आपत्ती व्यवस्थापन दिलं. का दिलं, असं विचारलं तर साहेब म्हणाले, तुमचं अक्षर चांगलं आहे.

मग बोट आली. नारंगी रंगाची, फायबरची, मागं लावायचं इंजिन, सहा लाइफ जॅकेटं. ती चालवायला माणूस हवा, तर आमच्या जीपचा ड्रायव्हर त्या कामाला लावला. कारण त्याच्याकडं वाहन चालवण्याचा परवाना आहे. तो पालमकडच्या कोरडवाहू गावातला, पाण्याशी त्याचा संबंध माझ्याइतकाच. त्याला दोन दिवस प्रशिक्षणाला पाठवलं, तिथून तो एक प्रमाणपत्र आणि सर्दी घेऊन आला. माझ्यापेक्षा पाचसहा वर्षांनी मोठा. मी त्याला दादा म्हणतो, तो मला भाऊसाहेब. अकरा वर्षं आम्ही दुपारचा डबा एकत्र खातो. त्याची बायको शेंगदाण्याची चटणी फार छान करते, आणि माझी बायको करत नाही याची तो मला रोज आठवण करून देतो.

दर वर्षी मे महिन्याच्या शेवटी आम्ही बोटीची रंगीत तालीम घेत असू. गावतळ्यात बोट सोडायची, नारळ फोडायचा, साहेब लोकांनी जॅकेट घालून बसायचं, फोटो काढायचा. एका साहेबांच्या जॅकेटला तर वेष्टणाची पिशवी तशीच होती. फोटो झाला की बोट परत शेडमध्ये, शेडला कुलूप.

आता त्या बुचाबद्दल सांगायला हवं, कारण सगळं त्याच्यावरच आहे. या बोटीला मागच्या बाजूला तळाशी अंगठा जाईल एवढं भोक असतं. बोट पाण्याबाहेर काढली की त्यातून आतलं पाणी निघून जावं म्हणून. बोट पाण्यात घालायच्या आधी त्यात बूच बसवायचं, आट्यांचं, पितळेचं. पहिल्याच वर्षी ते बूच चोरीला गेलं. पितळ दिसलं की आमच्याकडं ते जागेवर राहत नाही. नवं मागवलं तर वरून पत्र आलं, की बूच हे साहित्यात धरायचं की सुट्या भागात, ते आधी कळवा. मी कळवलं. मग दुसरं पत्र. आठ महिने मी एका बुचासाठी पत्रं लिहिली. शेवटी ते आलं तेव्हा मी ते पेढ्यासारखं कागदात गुंडाळलं, वर ‘बोटीचे बूच’ असं माझ्या त्या चांगल्या अक्षरात लिहिलं आणि माझ्या लोखंडी कपाटात रेशनकार्डांच्या गठ्ठ्यामागं ठेवलं. तालमीच्या दिवशी काढायचं, बसवायचं, तालीम झाली की परत आणून ठेवायचं. या मे महिन्यातही तालीम झाल्यावर मीच ते फिरवून काढलं. दादा दर वर्षीसारखा तेव्हा चहा प्यायला गेला होता. त्याला वाटायचं, बूच बोटीतच असतं. मी त्याला सांगितलं नाही, कारण सांगण्यासारखं काही आहे असं मला वाटलंच नाही.

सप्टेंबरात वरच्या धरणाचे दरवाजे उघडले आणि गंगा आली. आम्हाला ते दर वर्षीचं आहे. पण या वेळी पाणी एका दिवसात चढलं, आणि सकाळी सहाला वरून फोन आला, की काठच्या एका गावातल्या मोठ्या बागायतदाराचा आखाडा पाण्यानं वेढलाय, ते स्वतः आत आहेत, बोट पाठवा. आखाडा म्हणजे आमच्याकडं शेतातलं घर. या गृहस्थांनी पहाटेपासून जिल्ह्यातल्या प्रत्येक मोठ्या माणसाला फोन केला होता आणि त्या प्रत्येकानं आम्हाला केला होता. तासाभरात बोट ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत चढवून गेलीसुद्धा. बरोबर दादा आणि नगरपालिकेच्या अग्निशमनचे दोघं, तिशीतले, संसारी. मी मागं राहिलो, कारण सकाळचा अहवाल आठच्या आत संगणकावर विहित नमुन्यात भरायचा होता. किती जनावरं वाहून गेली त्या रकान्यात शून्य लिहिलं तर तो नमुना ते घेत नव्हता, आणि काहीच लिहिलं नाही तरी घेत नव्हता. ते भांडण संपवून मी माझ्या मोटरसायकलवर निघालो.

मी काठावर पोचलो तेव्हा बोट पन्नासएक हात आत गेली होती. अख्खं गाव जमलेलं. मोबाइल उंच धरून सगळे उभे. मी बोटीकडं पाहिलं आणि मला ती मागच्या बाजूनं बसल्यासारखी वाटली. एखादी म्हैस पाण्यात बसायला लागते तशी. आणि तेवढ्यात मला रेशनकार्डांचा गठ्ठा आठवला.

मी फोन लावला. इंजिनच्या आवाजात त्याला ऐकू जाणार नव्हतंच. मी ओरडलो. दोन्ही हात हलवून परत ये, परत ये म्हणालो. माझं पाहून शेजारच्या लोकांनीही हात हलवले, मग सगळ्या काठानं हलवले, आणि दादानं बोटीतून आम्हा सगळ्यांना हात हलवून उत्तर दिलं. मी आयुष्यात इतका हतबल कधी झालो नव्हतो. शेजारचा एकजण मला म्हणाला, साहेब, लय जीव लावता राव तुमी ड्रायव्हरला.

नदीच्या मध्यावर इंजिन बंद पडलं. बोट फिरली, आडवी झाली आणि प्रवाहाबरोबर खाली निघाली. तिथं खाली एक जुना बंधारा आहे, पाण्याखाली गेलेला. वरून फक्त पांढऱ्या फेसाची एक ओळ दिसत होती. बंधाऱ्याच्या अलीकडं एरवी जिथं बेट असतं तिथं तीनचार बाभळींचे शेंडे पाण्याबाहेर होते. बोट त्यातल्या मोठ्या बाभळीवर जाऊन आदळली आणि कलंडली. तिघं फांद्यांना लटकले. बोट मोकळी झाली, बंधाऱ्यावरून गेली, खाली एकदा नारंगी काहीतरी दिसलं आणि मग ते पण दिसलं नाही. काठावर कुणीतरी म्हणालं, निघालं का सगळं मोबाइलमधी.

दहा मिनिटांनी दादाचा फोन आला. तंबाखूच्या पुडीबरोबर मोबाइल प्लास्टिकच्या पिशवीत ठेवायची त्याची सवय, म्हणून फोन वाचला होता. तिघंही झाडावर आहेत, जॅकेटं आहेत, काटे लय टोचतायत, पाणी कमरेला लागतंय. मी म्हणालो, धरून बसा, मदत येतेय. मग मी मदत मागवायला लागलो. बचाव पथक दुसऱ्या तालुक्यात होतं, यायला चार तास. ठिकाणाचा फोटो पाठवा म्हणाले, पाठवला. फोटोवर तारीख आणि वेळ दिसत नाही म्हणाले. मी परत काढून पाठवला. मग विचारलं, अडकलेल्यांमध्ये महिला किती, बालके किती. मी झाडाकडं बघत शून्य, शून्य असं टाइप केलं.

तेवढ्यात गर्दीत मला ते बागायतदार दिसले. पांढरा सदरा, खांद्यावर टॉवेल, हातात मोबाइल, व्हिडिओ चालू. माझा आधी विश्वासच बसेना. मी विचारलं, अहो, तुम्ही आखाड्यावर होतात ना? ते म्हणाले, होतो की, मग मागच्या बांधानं ट्रॅक्टर काढला आणि निघालो उजाडता उजाडता. मग कळवलं का नाही? तर म्हणे, मोबाइलला चार्जिंग नव्हतं. मी त्यांच्या हातातल्या मोबाइलकडं पाहिलं. ते म्हणाले, आता केलं की, इथं शाळेत. त्या माणसाला मी त्या दिवशी हात लावला नाही, हा माझ्या नोकरीतला सर्वांत मोठा संयम.

शेवटी कुण्या म्हातारीनं विचारलं, भोयाच्या म्हाताऱ्याला सांगितलं का कुनी. कुणी सांगितलं नव्हतं. पण तो येतच होता. सत्तरीला टेकलेला, काटकुळा, गुडघ्याच्या वर खोचलेलं धोतर, आणि डोक्यावर त्याचा तराफा. तराफा म्हणजे थर्माकोलचे जाड तुकडे मासे धरायच्या जाळ्यात करकचून बांधलेले, आकार एका दरवाजाएवढा. धरणावर मासे धरायला आमच्याकडं असेच तराफे नेतात. वल्हं नाही, दोन हातांत दोन फळ्या धरून पाणी ओढायचं. या तराफ्यांवर पुरात बंदी आहे, अशी नोटीस जूनमध्ये मीच त्यांच्या आळीत चिकटवून आलो होतो. त्यानं मला ओळखलं की नाही ते माहीत नाही. त्यानं तराफा खाली ठेवला, झाडाकडं बराच वेळ पाहिलं, तिघांत वजनानं भारी कोण ते विचारलं, आणि तराफा परत डोक्यावर घेऊन चालायला लागला. झाडाकडं नाही. उलट्या दिशेला, काठाकाठानं, नदीच्या वरच्या अंगाला.

मला वाटलं, तो कुठून तरी दोरी आणायला चाललाय. पण तो थांबेचना. शंभर पावलं, दोनशे पावलं. लोक हसायला लागले. म्हातारं घरी चाललं, कुणी म्हणालं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी चिखलातून धावत त्याच्या मागं गेलो, चप्पल तिथंच रुतली, आणि अनवाणी जाऊन मी त्याच्या तराफ्याला धरलं. म्हणालो, मामा, माणसं तिकडं आहेत, भीती वाटत असेल तर तसं सांगा, नुसतं लोकांना आशेला लावू नका. वयानं माझ्या वडिलांएवढ्या माणसाला मी हे बोललो.

तो चिडला नाही, नुसता थांबला. “साहेब, तिथून सोडलं तर मी झाडापशी न्हाई, बंधाऱ्याखाली जातो. गंगा जितकं खाली न्यायलीय तितकं आदी वर जावं लागतंय. सोडा आता.”

मी सोडलं. सोडून काय करणार, मागं मागं चालत राहिलो. चांगलं अर्धा किलोमीटर वर आल्यावर त्यानं तराफा खाली ठेवला. बांधावर कुणाची तरी पऱ्हाटी रचून ठेवलेली होती, मागच्या वर्षीच्या कापसाची वाळलेली झाडं. त्यातल्या काड्या मोडून त्यानं एक पाण्यात टाकली आणि बघत उभा राहिला. ती काठाला लागून गेली. तो दहा पावलं पुढं सरकला, दुसरी टाकली. तिकडं माणसं झाडाला लटकलेली आणि हा काड्या टाकत बसलाय, या विचारानं माझं डोकं फुटायची वेळ आली. पण मघाशी एकदा तोंड उघडून झालं होतं, म्हणून मी गप्प राहिलो.

तेव्हाच दादाचा दुसरा फोन आला.

तो म्हणाला, “भाऊसाहेब, बूच लावलं का न्हाई ते मी बगितलंच न्हाई. लोकं मागं लागले चला चला मनून, आन् मी बोट घातली. माझ्यानं ह्या दोघायचा जीव जायलाय.”

इथं थांबून मला स्वतःला शिव्या घालायच्या आहेत. गर्दी अर्धा किलोमीटर मागं होती. माझ्याजवळ एक म्हातारा, आणि त्याचं लक्ष पाण्यात. ऐकायला कुणी नव्हतं, अडवायला कुणी नव्हतं. बूच माझ्याकडं आहे, तू पाहिलं असतंस तरी तुला सापडलं नसतं, एवढंच सांगायचं होतं. एका श्वासाचं काम. आणि मी काय म्हणालो? मी म्हणालो, दादा, ते नंतर बघू, आत्ता घट्ट धरून बस. एखाद्या अर्जदाराला सांगावं तसं. तो म्हणाला, तराफा आला तर ह्या दोघायला आदी पाठवतो, मी शेवटी येतो. मी म्हणालो, बरं.

तिसरी काडी म्हाताऱ्यानं आणखी वर जाऊन टाकली. ती आधी काठाकाठानं गेली, मग हळूच आत ओढली गेली आणि थेट बाभळीच्या दिशेनं लागली. त्यानं मान हलवली, ओंजळभर पाणी घेऊन डोळ्यांना लावलं आणि तराफ्यावर मांडी घालून बसला. पाण्यात गेल्यावर तो फळ्या फारशा मारतही नव्हता. मधूनच एक फटका, बस. नदी त्याला घेऊन चालली होती आणि तो फक्त तिला दिशा सांगत होता. काठावरून आता कुणी हसत नव्हतं. बाभळीपाशी आल्यावर त्यानं दोरीचा फास फांदीवर टाकला आणि तराफा थांबला.

तिथं काय बोलणं झालं ते नंतर कळलं. म्हाताऱ्यानं सांगितलं, तुमच्यातलं वयानं मोठं माणूस आदी येऊ द्या, त्याला पवता येत न्हाई. दादा म्हणाला, मी न्हाई येत, ह्यायला न्या. म्हाताऱ्यानं दोनदा सांगितलं, दोनदा तो नाही म्हणाला. आम्हाला काठावरून एवढंच दिसलं, की काहीतरी वाद चाललाय आणि वेळ जातोय. मी एकटाच होतो ज्याला तो वाद कशाचा आहे हे माहीत होतं.

पहिला माणूस तराफ्यावर पालथा झोपवून म्हाताऱ्यानं आणला. आता मात्र तो जीव खाऊन पाणी ओढत होता, कारण बंधारा यायच्या आत काठ गाठायचा होता. बंधाऱ्याच्या थोडं वर एक ओढा गंगेला मिळतो, तिथं पाणी जरा संथ असतं, तिथं तो लागला. काठावर दहाबारा जणांनी बैलांचे कासरे एकाला एक गाठून तयार ठेवले होते, त्यांनी ओढून घेतलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. म्हाताऱ्यानं टाळ्यांकडं पाहिलंही नाही. तराफा डोक्यावर घ्यायला लागला. तो दोघांनी त्याच्या हातून घेतला, आणि ते सगळं परत सुरू झालं: अर्धा किलोमीटर वर, काडी, ओंजळ, पाणी. एका खेपेला पाऊण तास गेला.

दुसरा आला तेव्हा अकरा वाजून गेले होते आणि पाणी आणखी चढलं होतं. बाभळ आता एका बाजूला कलली होती. आणि अशा वेळी म्हातारा काठावर बसला आणि म्हणाला, चहा हाय का. कुणाच्या तरी घरून चहा आला, भाकरी आली, तो सावकाश खायला लागला. मला राहवेना. मी म्हणालो, मामा, झाड चाललंय. त्यानं घास गिळला आणि हात माझ्यासमोर धरले. कोपरापासून बोटांपर्यंत ते थरथरत होते. म्हणाला, असंच गेलो तर त्यो बी जातो आन् मी बी. मी त्याच्या कपात आणखी चहा ओतला.

तो खात होता तेवढ्या वेळात मी बाजूला गेलो आणि दादाला फोन लावला. या वेळी खरंच सांगायला. फोन बंद होता. बॅटरी संपली असेल किंवा पाण्यात पडला असेल. मी पाच वेळा लावला. समोर, तीनचारशे हातांवर, तो मला दिसत होता. फांदीला मिठी मारलेला, मान खाली घातलेली, जॅकेटाचा नारंगी ठिपका. एवढ्या मोठ्या आवाजाचा माणूस मी, कचेरीत माझं बोलणं रस्त्यापर्यंत जातं, आणि ते शब्द त्याच्यापर्यंत नेणारं माझ्याकडं काही नव्हतं.

तिसऱ्या खेपेला काडी चुकली. पाणी वाढल्यानं प्रवाह बदलला होता. म्हातारा आणखी वर गेला, काठावरच्या मरीआईच्या देवळाच्याही पुढं, आणि दुसरी काडी टाकून तिथून निघाला. तरी तो बाभळीच्या बाजूनं हातभर दूर गेला. दोरीचा फास फेकला, चुकला. दुसरा फेकला तो शेवटच्या शेंड्यात अडकला, तराफा गर्रकन फिरला आणि थांबला. मग दादा फांदी सोडेना. इतका वेळ धरून त्याची बोटं उघडतच नव्हती. म्हाताऱ्यानं हातातली फळी त्याच्या मनगटांवर मारलेली आम्हाला दिसली, एकदा, दोनदा. तिसऱ्या फटक्याला तो धपकन तराफ्यावर पडला. ओढ्याच्या तोंडापर्यंत ते पोचले नाहीत. पार बंधाऱ्याच्या फेसाशेजारी, काठापासून वीस हात असताना एकानं फेकलेला कासरा म्हाताऱ्याच्या हाती आला आणि पन्नास माणसांनी तो ओढला. मीही ओढला. तळहाताची सालं निघाली ते संध्याकाळी कळलं.

म्हातारा उठला, धोतर पिळलं, तराफ्याची एक गाठ सैल झाली होती ती बांधली. मी त्याच्या पाया पडलो. तो म्हणाला, राहू द्या साहेब, आणि घरी गेला.

मग साहेब आले, फोटो आले, फुलांचे हारही आले, कुठून ते देव जाणे. साहेबांनी दादाला विचारलं, काय झालं होतं. घोंगडी पांघरून बसलेला दादा सगळ्यांसमोर म्हणाला, साहेब, बूच लावायचं माझं राहिलं. साहेबांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि बघू नंतर म्हणाले. मी त्यांना बाजूला नेऊन सांगितलं, की बूच माझ्या कपाटात आहे. ते म्हणाले, हे तुम्ही मला सांगितलेलं नाही, अहवालात तांत्रिक बिघाड लिहा. मी तसं लिहिलं नाही. खरं ते लिहिलं, कारणे दाखवा नोटीस आली, तिलाही उत्तर दिलं. आता लोक मला विचारतात, एवढं कशाला लिहिलंत, सगळे वाचले होते ना? अशा लोकांवर चिडायचंही मी सोडून दिलंय. कागदावर खरं लिहिणं मला अवघड नव्हतं. तेच तर माझं काम.

अवघड ते दुपारी होतं, सरकारी दवाखान्यात. दादाला पालथा झोपवला होता. पाठीत, दंडांत, मांड्यांत बाभळीचे काटे मोडले होते, आणि नर्सबाई एकट्या, बाकी वॉर्ड पूरग्रस्तांनी भरलेला. त्यांनी माझ्या हातात चिमटा दिला आणि म्हणाल्या, तुम्ही काढा तोवर. मी स्टुलावर बसून काटे काढत होतो, स्टीलच्या वाटीत टाकत होतो. तो आधीच बोलत होता, की नोकरी जाईल का, त्या दोघांच्या घरी जाऊन माफी मागावी का. मी म्हणालो, दादा, ऐक. बूच बोटीत नव्हतंच. मे महिन्यात मी काढून कपाटात ठेवलं होतं. बोट पाण्यात होती तेव्हाच मला आठवलं होतं. तू दुसरा फोन केलास तेव्हाही मला ते माहीत होतं.

मी काटे काढत राहिलो, कारण थांबलो असतो तर त्याच्या तोंडाकडं बघावं लागलं असतं.

“मंग झाडावर होतो तवाच सांगायचं होतं, भाऊसाहेब,” तो उशीत तोंड घालून म्हणाला. “तीन घंटे मी त्या दोघायच्या बायकायला काय सांगायचं तेच जुळवत बसलो होतो.”